धाकटीची नजर

स्टोव्हच्या स्पिरिटनं मी एकदा एका मुलीचा अख्खा चेहरा पुसून टाकला. ती मुलगी बाहुली होती हे खरं, पण तुंगार्लीच्या बाईंसमोर हा फरक बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती. माणसांपेक्षा बाहुल्यांची अदब जास्त ठेवणारी अशी बाई लोणावळ्यात पुन्हा झाली नाही, आणि व्हायचीही नाही.

तळ्याजवळच्या बंगल्यात बाई एकट्या राहत. एकट्या हे आपण म्हणायचं. त्यांच्या मते घरात सहा जणी होत्या, त्या स्वतः आणि पाच विलायती बाहुल्या. चिक्की आणली की पाच तुकडे बशीत वेगळे निघत, आणि संध्याकाळी मुंग्यांनी बशी साफ केली की बाई समाधानानं म्हणत, "आज भूक बरी होती." ऊन पडलं की पाचहीजणींना टोपलीत बसवून तळ्यावर हवा खायला नेत. पोस्टमन दारात ओरडला तर ओठांवर बोट ठेवून त्याला पायरीवरच थोपवत. पुढे पुढे तो बिचारा फाटकापासूनच चवड्यांवर यायचा. धुकं खिडकीतून आत शिरलं की त्याला "या" म्हणायच्या, आणि धुकंही पाहुण्यासारखं खुर्चीपर्यंत येऊन थांबायचं. हसू नका, मी पाहिलंय.

पाचांतली एक मात्र कपाटात नसे. ती बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसे. तिचं नाव धाकटी. बाईंच्या धाकट्या बहिणीची ती बाहुली. बहीण नवव्या वर्षी तापानं गेली, आणि गेली तेव्हा या बाहुलीवरूनच दोघींचा अबोला होता. धाकटीचे रंगवलेले डोळे कोपऱ्यात वळलेले होते. कुठूनही पाहा, नजर चुकवायची. बाई जेवताना आपली खुर्ची कधी इकडे ओढत, कधी तिकडे, आणि शेवटी म्हणत, "अजून रुसलीय."

मी तेव्हा वीस वर्षांची, नवरा रेल्वेत, शेजारच्या दोन खोल्यांत नवा संसार आणि डोक्यात नको तेवढी हुशारी. श्रावणात बाई मोतीबिंदू काढायला पुण्याला गेल्या आणि किल्ली मला देऊन म्हणाल्या, "चिमणे, धाकटीला बुरशी लागू देऊ नकोस." आठ दिवसांत लागलीच. मी शहाणीनं चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून गाल घासला. बुरशी गेली, गाल गेला, ओठ गेले, आणि मी घाबरून जास्त घासत राहिले तसे डोळेही गेले. खुर्चीत फ्रॉक घातलेलं एक गुळगुळीत अंडं बसलं होतं. बाहेर धुकं, आत धुकं, आणि मधे ते.

रंगकामाचा माझा अनुभव काय, तर माहेरी दरवर्षी गौरीचे मुखवटे उजळायचे. तेवढ्या जोरावर मी बसले. पहिल्या हाताला ती सासूबाईंसारखी झाली, ती लगेच पुसली. दुसऱ्या हाताला भुवया अशा चढल्या की मलाच काहीतरी कबूल करावंसं वाटलं. तिसऱ्यांदा माहेरची रीत आठवून सगळं आधी केलं आणि डोळे शेवटी, एका बैठकीत. बुबुळं बरोबर मधोमध. गौरीची अशीच काढतात, हळदीकुंकू वाहणाऱ्या प्रत्येकीला वाटावं, ती माझ्याकडेच बघतेय.

ती बघू लागली. मी कपाटाकडे गेले, कपाटाकडे. दाराशी गेले, दाराशी. केर काढायला येणारी ठाकरवाडीची मावशी उंबऱ्यातच थबकली.

"वैनी, ही कोन आनून बशीवली?"

"धाकटीच आहे, मावशी. जरा रंगवली."

"व्हय? मग बघतीया कशापायी? मी न्हाई हिला पाठ दावून झाडायची." आणि खरंच ती देवळातून निघावं तशी उलट्या पावलांनी झाडत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या कपाळावर कुंकू होतं.

मी बाहुलीचं तोंड भिंतीकडे करून कुलूप घातलं. सकाळी उघडलं तर तोंड दाराकडे. किल्ली माझ्या कमरेला, मावशी माझ्या मागं. भिंतीकडे फिरवलं होतं हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्या दिवसांत आमटीत मीठ घातलंय हेही मी शपथेवरच सांगत असे. मावशी एवढंच म्हणाली, "कुनाची तरी वाट बघतीया."

दसऱ्याला बाई परतल्या, नव्या जाड चष्म्यासकट. ऑपरेशन बिघडावं असं मी इच्छिलं नव्हतं, पण इतकंही चांगलं व्हायला नको होतं. बाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि समोर पाहत राहिल्या. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं, स्पिरिट, अंडं, सासूबाई, सगळं. पुन्हा पुसून जुन्यासारखे डोळे काढून देते म्हणाले. त्यांनी खुर्ची डावीकडे सरकवली. मग उजवीकडे. मग जागेवर आणली.

आता बाईंच्या वयाची मी झाले, माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. खिडकीत धुकं आलं की त्या दिवसाचं त्यांचं बोलणं ऐकू येतं. माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षांनी बघितलं गं तिनं माझ्याकडे. आता पुसू नकोस."