टोपली राहू दे

"चेहरा तेवढा पूस. टोपली राहू दे, झ्याक दिसतीया."

आज दुपारी आबासाहेब हे म्हणाले तेव्हा मी शाळेच्या भिंतीपुढं फळीवर उभी होते, हातात ब्रश. खाली सगळी समिती. कुणीतरी फिस्सकन हसलं.

भिंतीवरच्या चित्रातली ती टोपलीवाली माझी आजी. तानूबाई.

मी शाळांच्या भिंती रंगवते. सांगलीला चित्रकला शिकले, आता उंब्रज-पाटणकडच्या शाळांवर माझं पोट. उद्या आमच्या गावच्या शाळेचा मोठा कार्यक्रम. शाळेचा इतिहास भिंतीवर काढायचं काम समितीनं मला दिलं. अध्यक्ष आबासाहेब. जमीन त्यांच्या वडिलांनी दिली म्हणून दारावर संगमरवरात त्यांचं नाव. असू दे, दिली त्यांनी. पण कोयनेच्या भूकंपात शाळा भुईसपाट झाली, तेव्हा नदीतनं दगड कुणी वाहिले? आमच्या वस्तीतल्या बायांनी, डोक्यावरच्या टोपल्यांतनं. चुंबळ घासून घासून आजीच्या टाळूवर शेवटपर्यंत केस आले नाहीत. आणि शाळा उभी राहिल्यावर नारळ फुटला, तेव्हा त्याच बायांना प्रसाद दिला फाटकाबाहेर. वरून टाकून.

म्हणून मी तिला काढली.

"चेहरा लगीच वळखू येतोय," आबासाहेब म्हणाले. "उद्या पावण्यांनी इचारलं, ही कोण, तर काय सांगायचं? तितं एखादा चांगला चेहरा काढ."

चांगला!

चौथीतली रांगोळी आठवली. याच फाटकात पाहुण्यांसाठी मी काढलेली. कुणी काढली म्हणून पाहुण्यांनी विचारलं, तर बाईंनी पुढं केली आबासाहेबांची पुतणी. आणि मी खांबाआड उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आई भाकरी घेऊन आली होती. खालनं कुजबुजली, "पूस बाय. गावात ऱ्हायचं हाय आपल्याला."

मी फळीवरून उतरले. ब्रश आबासाहेबांपुढं धरला.

"आवं, तुमीच पुसा."

"म्हंजे?"

"माज्या हातानं न्हाई हुणार. टोपली पायजे आन् बाई नको व्हय?"

आबासाहेबांनी ब्रश घेतला नाही. "लय शाणी झालीयास. तालुक्यात कोण काम देतंय तेच बगतो," म्हणाले आणि शिपायाला हाक मारली. त्यानं माझ्यादेखत आजीच्या तोंडावर चुना फासला. टोपली ठेवली.

रडले नाही असं कशाला सांगू? घरापर्यंत रडत गेले. घर तरी किती लांब, शाळेच्या फाटकासमोर. आमची रस्त्याकडची भिंत थेट फाटकाकडं बघते. तिला लागून जळणाच्या शेण्या रचलेल्या. पाहुण्यांच्या गाड्या तिथंच वळणार.

आई मागनं आली. पदर खोचला आणि एकेक शेणी उचलून बाजूला टाकायला लागली.

"आई, काम जाईल माजं."

"जाऊ दे. माज्या सासूच्या तोंडाला चुना फासला त्यांनी. मी बगत हुते न्हवं."

भिंत साफ झाली. पांढऱ्या रंगाचा एक हात दिलाय, तो वाळेपर्यंत हे सांगतेय.

उद्या पाहुणे यायच्या आत तानूबाई या भिंतीवर असेल. माणसाएवढी, खाली नाव लिहून. त्यांनी चुना फासला तर परत काढीन. परत फासला तर परत.

आणि या तानूबाईच्या डोक्यावर टोपली नसेल.