खाचरातले फेरे

वडिलांचा डावा पाय अर्धांगवायूने गेला होता. गाव धरणात जाणार होते आणि बहुतेक घरे नव्या जागी गेली होती. वडील म्हणत, पाणी उंबऱ्याला लागल्यावर उठेन. पण पावसात आमच्या घरापासून पक्क्या सडकेपर्यंत गुडघाभर चिखल असे. थोरल्या भावाची जुनी लष्करी जीप तिथे दर वर्षी अडके. एक चाक जागच्या जागी फिरे, दुसरे हलत नसे. वडिलांना डोलीतून न्यावे लागू नये म्हणून भावाने मुंबईच्या जुन्या बाजारातून वेगळा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाची ओढ वाटून देणारा भाग, आणला. त्यात एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ओढ मिळत राहते.

तो लोणावळ्याच्या एका मिस्त्रीने बसवला. आतल्या चक्रांच्या दातांना रंग लावून, ती फिरवून, डाग कुठे पडतो हे तो पुन्हा पुन्हा पाहत होता. वेगळे ऑइल भरल्यावर त्याने भावाला बजावले, "नव्या चपलेगत हाय हे. सपाट जागेवर सावकाश फेरे मार, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. आतल्या चकत्या घासून नीट बसल्या की ऑइल बदल. तवर चिखलात घालू नको."

आमच्याकडे सपाट जागा म्हणजे भाताची खाचरे. एका खाचरात जीप वळेना. भावाने कुदळीने दोन खाचरांमधला बांध फोडला आणि माती पसरून टाकली. जमीन सरकारजमा झालेलीच होती.

जीप इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरू लागली. वळताना मागून येणारी कुरकुर हळूहळू कमी झाली. पाण्याला निघालेल्या शेजारच्या मावशीने हाक दिली, "मळनी काडतोस का रं? बैल कुटं हाईत?"

"बैल पेट्रोल पितोय, मावशी!"

ती हसत गेली. तोवर वडील भिंत धरत धरत पडवीत आले होते.

"बांध कुनी फोडला?"

"म्या. जीप वळत न्हवती, आबा."

"आता खाचरात पानी कसं ठरंल?"

भाऊ खाली उतरला. "आबा, खाचर धरनातच जायचंय."

"दिवाळीपतुर न्हाई येत धरनाचं पानी हितवर. राब भाजून घेतलाय मी."

भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजलेला काळा तुकडा आम्ही पाहिला होता. सवयीने भाजून घेतला असेल असे दोघेही धरून चाललो होतो. बियाण्याची कणगी त्यांनी हलवू का दिली नाही, ते आता कळले. त्यांना घरासाठी नव्हे, एका पिकासाठी राहायचे होते.

"उद्या घालतो की परत," भाऊ म्हणाला.

"नव्या मातीतनं पानी पाझरतंय. माज्या बापानं घातलेला बांध हुता त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी कपड्यांचे गाठोडे मागितले आणि निघू या म्हणाले. पाऊस लागायचा होता. वाट कोरडी ठणठणीत होती. जीप कुठेही घसरली नाही. जुन्या डिफरन्शियलवरही ती गेली असती.

दिवाळीनंतर भाऊ आणि मी तिकडे जाऊन आलो. पाणी खालच्या आळीत थांबले होते. खाचरात गवत माजले होते.

नव्या घरी वडील खाटेवर पडून होते. त्यांनी पाणी कुठवर आले ते विचारले.

"गेलं समदं पान्यात, आबा," भाऊ म्हणाला.