घरी येणारा काटा

भिंगकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी मनगटाकडे. आर्णीच्या बसस्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काच लावलेलं एक टेबल आणि त्यामागे त्यांची खुर्ची. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती कायमचा गोल वळ उठला होता, त्यावरून हे नाव पडलं. बाबांचे ते शाळासोबती, म्हणून आमचे काका.

कापसाला भाव नव्हता अशी ती वर्षं. नवं घड्याळ घ्यायला कुणी धजत नसे, पण मिरवायची हौस थोडीच थांबते? नागपूरहून परदेशी घड्याळांच्या नकला येऊ लागल्या. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटणं आणि हात खाली ओढेल एवढं वजन. विकणारे त्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणत आणि घेणारे गावात येईपर्यंत ‘असली’ म्हणू लागत. काका काचेवर तोंडाची वाफ सोडून ती किती लवकर उडते ते पाहत; चांगल्या काचेवरून झटकन उडते. मागचं झाकण उघडून आतली रबराची कडी चाचपत आणि ती सैल असली की हात धुताना घड्याळ काढायला बजावत. सोनेरी मुलाम्याबद्दल त्यांचं एकच म्हणणं असे, “वैशाखातला घाम लागू दे, मंग बोलू.”

खरी परीक्षा बटणांची. वरचं बटण दाबलं की सेकंदाचा लांब काटा धावायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा आणि खालचं दाबलं की बारावर परत यायचा. या परतण्याला काका ‘घरी येणं’ म्हणत. असली घड्याळाचा काटा नेमका बारावर येतो, नकलीचा एखादी रेघ चुकतो आणि अगदीच टाकाऊ असेल तर वाटेतच बसतो. “घरी येते का पाह्य,” ते गिऱ्हाइकाला सांगत, “चमक तं सारेच मारतात.”

मला वणीचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी काकांना मुद्दाम बोलावून घेतलं. माझ्या आतेबहिणीच्या नवऱ्याची नोकरीच खोटी निघाली होती, ती धास्ती घरात ताजी होती. मुलगा कोळशाच्या खाणीत कायम नोकरीला आहे, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. मुलगा मला पाहताक्षणी आवडला. आणि लगेच त्याच्या मनगटावरचं ते तीन तबकड्यांचं घड्याळ दिसलं. मी काकांकडे पाहिलं.

काकांनी ते पाहायला मागितलं. पाहुण्यांसमोर खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, तसे बाबा शरमेने अर्धे झाले. काकांनी विचारलं, “असली हाये का?” मुलाचे मामा घाईने इंपोर्टेड असल्याचं सांगू लागले. मुलाने त्यांना थांबवलं.

“नाही जी. फर्स्ट कॉपी हाये. मामा म्हनले, घालून चाल.” मग म्हणाला, “नोकरीबी कायम नाही अजून. ठेकेदाराकडं हाये.”

बाबांचा चेहरा पडला. मामा छताकडे पाहू लागले. काकांनी मात्र शांतपणे बटण दाबलं, काटा धावू दिला, थांबवला आणि परत बोलावला.

“एक रेघ अलीकडं थांबते,” ते म्हणाले, “पन येते घरी.”

मग बाबांना अंगणात नेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

“घडीची ग्यारंटी मी नाही देत. पोराची देतो.”

मी ओट्याला टेकून उभी राहिले. छातीवरचं ओझं असं उतरलं की मला हसूच फुटलं आणि आईने मला वेड्यात काढलं. महिन्याभरात साक्षगंध झालं आणि पाठोपाठ लग्न.

मुलामा पहिल्याच वैशाखात उडाला. मशीन मात्र काकांच्या हाताखालून दोनदा जाऊन अजून चालते आहे. काका गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघं आर्णीला गेलो. काचेचं टेबल पुसून भिंतीला लावून ठेवलं होतं. मला तिथे उभं राहवेना.

यांची नोकरी पुढे कायम झाली, पण ड्यूटीवरून वेळेवर येणं काही जमलं नाही. खाणीवर नवरा असलेल्या बाईचे कान रस्त्याकडे असतात, माझेही असतात. दारात बूट वाजले की मी आतूनच विचारते, “आजबी एक रेघ अलीकडं?”

“पन आलो ना घरी,” हे म्हणतात, आणि मग मी गॅस पेटवते.