तासगावकरांचा उजवा गुडघा

जगात दोन प्रकारची माणसं असतात, असं नागेश तासगावकर म्हणायचे: ज्यांना ब्रेक कळतो ती आणि बाकीची. पहिल्या प्रकारात ते स्वतः होते. दुसऱ्या प्रकारात उरलेली मानवजात होती आणि तिच्यात सगळ्यांत पुढे, त्यांच्या शेजारच्याच सीटवर, त्यांची बायको यमुनाबाई बसलेली असे.

सांगलीजवळच्या तासगावचा हा माणूस इंजिनियर होऊन सत्तरच्या दशकात श्टुटगार्टला आला आणि त्सुफेनहाउझेनच्या स्पोर्ट्स कारच्या कारखान्यात चिकटला तो निवृत्त होईपर्यंत. काम एकच. बाकीच्यांनी गाडी पळवायची, यांनी ती थांबवून बघायची. सुट्टीत गावी गेले की लोक कौतुकाने विचारत, "काय हो, किती पळते तुमची गाडी?" तासगावकर चष्मा पुसत म्हणत, "सगळे पळते किती तेच विचारतात. थांबते किती हे कोणी विचारत नाही, म्हणून तर यमाच्या दारात एवढी गर्दी." असं बोलल्यावर पुढे कोणी काही विचारत नसे. स्वतः मात्र जुनी, चंदेरी रंगाची, दुसऱ्या हाताची साधी गाडी चालवायचे. स्पोर्ट्स कार कारखान्याच्या आणि रुबाब तेवढा यांचा.

यमुनाबाईंकडेही फ्युररशाइन होता. जर्मन लायसन्स, तेही पहिल्या फटक्यात मिळवलेलं. तासगावकरांना ते दुसऱ्या फटक्यात मिळालं होतं, ही गोष्ट घरात कधी निघत नसे. लायसन्स मिळाल्यावरच्या पहिल्या रविवारी यमुनाबाई चालवायला बसल्या आणि नवरा शेजारी. "क्लच! अगं क्लच! आरसा बघ. आता कशाला आरसा बघतेस, समोर बघ! ब्रेक, ब्रेक, ब्रेक!" तिसऱ्या गल्लीत यमुनाबाईंनी गाडी कडेला लावली, दार उघडलं, वळसा घालून दुसऱ्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "सरका तिकडे. चालवा तुम्हीच." त्या दिवसापासून त्या शेजारच्या सीटवर बसल्या त्या बसल्याच. भांडण नाही, रुसवा नाही. त्या सीटपुढची पायाखालची मॅट तेवढी दर काही वर्षांनी उजव्या पायाशी झिजून भोक पडायची. तासगावकर कुरकुरत नवी आणून टाकत. "चप्पल घासू नकोस," ते सांगत. "बरं," त्या म्हणत.

मग उजव्या गुडघ्याने दगा दिला. आधी जिने जड झाले, मग खुर्चीतून उठणं. तासगावकरांनी हे सगळं हवेवर, बुटांवर आणि जिन्याच्या जर्मन गवंड्यावर ढकललं. नाचता येईना, अंगण वाकडं. दोन हजार सहाच्या वसंतात मात्र कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर ब्रेकवर पाय वेळेत गेला नाही आणि बेकरीवालीची फुलांची कुंडी आडवी झाली. ब्रेकच्या माणसाने कुंडी पाडली! बेकरीवाली हसली, ते जास्तच लागलं.

बातमी मुलीपर्यंत पोचली. मुक्ता बॉनला नोकरीला. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तरं जर्मनमध्ये देते. मराठी ती फक्त गंभीर प्रसंगी काढते, त्यामुळे फोनवर तिचं मराठी ऐकू आलं की दोघंही सावरून बसतात.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "या वेळी कुंडी होती. पुढच्या वेळी किंडरवागन असेल आणि त्यात बाळ असेल."

शेवटी तह झाला. डॉक्टर कूरला पाठवत होते, तर मुकाट्याने जायचं: समुद्राकाठी तीन आठवडे चिखलाचे उपचार. शेवटच्या तपासणीत तिथला डॉक्टर गाडी चालवा म्हणाला तर चालवायची. नको म्हणाला तर किल्ली मुक्ताकडे द्यायची आणि गाडी विकायची.

"कबूल?"

"गेनाऊ," तासगावकर म्हणाले. घशाशी आलं की ते जर्मन बोलत.

असे ते सगळी वाट उजव्या लेनमधून हळूहळू गाडी हाकत यमुनाबाईंसह बाड वेस्टरोगला पोचले. गाव ऐतिहासिक आहे. म्हणजे तिथे दोनशे वर्षांत चिखलाखेरीज काही घडलेलं नाही. कुठल्याशा ड्यूकने आपला संधिवात इथल्या श्लिकमध्ये, म्हणजे भरती ओसरल्यावर उरणाऱ्या काळ्या चिखलात, बुडवला आणि तो ठणठणीत बरा झाला. ड्यूक पुढच्याच वर्षी वारला, पण तो यकृताने, असं कूरहाउसमधली पितळी पाटी अभिमानाने सांगते. खांबांचं पांढरं कूरहाउस, घोडे जुंपून समुद्रात न्यायच्या न्हाणीगाड्यांचे जुने फोटो, बागेत रोज दुपारी बँड आणि बँडसमोर बाकांवर बसलेले शेकडो गुडघे. आपण रोगी नसून पाहुणे आहोत, असा चेहरा करून सगळे केक खात असत.

"आमच्याकडे माती अंगाला लावतात ती तालमीत," तासगावकर पहिल्याच दिवशी म्हणाले. "ताक घालतात, हळद घालतात आणि मग कुस्ती खेळतात. हे लोक लावून झोपतात."

"तुम्हाला कुस्ती खेळायचीय का?" यमुनाबाईंनी विचारलं.

चिखलाच्या खोलीत फ्राऊ पेटरसन नावाची धिप्पाड बाई होती. तासगावकर अंडरवेअर घालून उभे राहिले तेव्हा तिने त्या वस्त्राकडे बोट दाखवून मान हलवली. तासगावकरांनी आपल्या संस्कृतीबद्दल दोन वाक्यं सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि पुन्हा बोट दाखवलं. पुढच्या क्षणी सडक्या शेवाळाचा वास येणारा गरम काळा लगदा त्यांच्या मांडीपासून पोटरीपर्यंत थापला गेला, वर चादरी गुंडाळल्या गेल्या आणि ब्रेकतज्ज्ञ तासगावकर अळूवडीच्या उंड्यासारखे पडून राहिले. छताकडे बघत ते मनातल्या मनात शास्त्र, उपचारांचा खर्च देणारी विमा कंपनी आणि ड्यूक या तिघांचा उद्धार करत होते.

पण आठवडा उलटला आणि गुडघा जरा सैल वाटू लागला. तासगावकरांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. चिखलाला श्रेय देणं त्यांच्या जिवावर आलं असतं. नाश्त्याला बसले की ते टेबलाखाली उजवा पाय दाबून बघत. दाबायचा, सोडायचा, दाबायचा. समोर यमुनाबाई ब्रेडला लोणी लावत असत आणि टेबल हळूच हलत असे.

"तुमचा चहा सांडतोय," त्या म्हणत.

खरं सांगायचं तर तो माणूस घाबरला होता. मरणाला नाही, मरणाबद्दल ते कारखान्यातल्या जुन्या मशीनबद्दल बोलावं तसं बोलत. किल्ली गेल्यावर आपण कोण उरणार, याची त्यांना भीती होती. बसच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभा असलेला एक म्हातारा परदेशी, ज्याला मुलगी शनिवारी येऊन बाजारात नेते. असे म्हातारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि गाडीच्या काचेतून त्यांची कीवही केली होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी धीर सुटला. डॉक्टर गुडघा वाकवून बघणार, ठोकून बघणार. त्याला ब्रेकमधलं काय कळतं? चाचणी घ्यायची तर रीतसर घ्यायची. कारखान्यात घेत तशी: सरळ रिकामी जमीन, नेमका वेग आणि एका दणक्यात ब्रेक. शिवाय साक्षीदार हवा, नाहीतर मुक्ता ऐकायची नाही.

"चल, समुद्र बघू," ते यमुनाबाईंना म्हणाले.

"तीन आठवडे समुद्रच बघतोय," त्या म्हणाल्या, पण थर्मास घेऊन निघाल्या.

वेस्टरोगला गाड्या वाळूवर नेता येतात. लाकडी खांबांची एक रांग आहे, तिच्या अलीकडे घट्ट वाळू. पलीकडे ओहोटीला मैलभर सपाट, चकचकीत, निर्मनुष्य जमीन उघडी पडते. रांगेवर ठिकठिकाणी पाट्या: पुढे गाडी नेऊ नये. तासगावकर उतरले, वाकता येत नव्हतं म्हणून बुटाच्या टाचेने खांबापलीकडची जमीन दाबून पाहिली आणि निकाल दिला, "काँक्रीट आहे, काँक्रीट. पाट्या सामान्य लोकांसाठी असतात." शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण ती एकाच भांड्यातल्या भाताची.

"अहो, ते लोक वेडे म्हणून खांब लावतात का?" यमुनाबाई म्हणाल्या.

"तू फक्त बघ. आणि मुक्ताला सांग काय बघितलंस ते."

गाडी दोन खांबांमधून निघाली आणि सुसाट सुटली. वारा, उन्हात लखलखणारी ओली जमीन, लांब कुठे तरी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात फिरायला निघालेली पर्यटकांची एक टोळी. तासगावकर चाळिशीचे झाले. मग त्यांनी श्वास रोखला आणि पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला.

ब्रेक अप्रतिम लागला. गुडघा डगमगला नाही, गाडी तसूभरही वाकडी झाली नाही, जागच्या जागी उभी राहिली. "बघितलंस!" तासगावकर ओरडले. आयुष्यातला सर्वोत्तम ब्रेक होता तो. चूक एवढीच, की चिखलावर चालत्या गाडीने काहीही करावं, थांबू नये. ती आता अतिशय शिस्तीत, चारही बाजूंनी सारखी, खाली जाऊ लागली.

तासगावकरांनी गियर टाकून ॲक्सिलरेटर दाबला. इतक्या जोराने वापरलेला गुडघा आता थरथरत होता. पाय हळुवार पडेना. चाकं गरगर फिरली, मागची काच काळी झाली, गाडी आणखी वीतभर खचली. क्षितिजावर पाण्याची एक बारीक रेघ दिसत होती आणि ती मघाशी नव्हती.

चिखलातली टोळी पोचली तोवर पिवळ्या जाकिटातला किनाऱ्याचा रखवालदारही धापा टाकत आला. त्याने आधी पोटभर शिव्या घातल्या. जर्मन माणूस नियमभंग पाहिला की आधी मन मोकळं करतो, मग मदत करतो. मग तो म्हणाला, "हलकं माणूस आत, जड माणसं मागे. कोण हलकं आहे?"

सगळ्यांनी यमुनाबाईंकडे पाहिलं.

"तिला येत नाही," तासगावकर म्हणाले.

"येतं," यमुनाबाई जर्मनमध्ये म्हणाल्या आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला आल्या. नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सरका."

तासगावकर उतरले. दोन पावलांत एक बूट गेला, चौथ्याला दुसरा. ते गाडी ढकलायला मागे उभे राहिले, पण पाय रोवता येईना. रखवालदाराने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. गुडघ्यापर्यंत औषधी श्लिकमध्ये रुतून ते ओरडले, "क्लच हळू सोड! आरसा..." आणि गप्प झाले. आरशात चिखलाने माखलेली सात माणसं सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

यमुनाबाईंनी चाकं सरळ केली, दुसरा गियर टाकला आणि लोण्यावर सुरी ठेवावी तसा पाय ठेवला. गाडी कण्हली, मागेपुढे झाली आणि सुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तासगावकर हात हलवत राहिले, थांब, थांब. पण ज्या अर्थी थांबल्यावर रुतते, त्या अर्थी थांबायचं नाही, हे बाईंना तेवढ्यात कळलं होतं. गाडी थेट खांबांपर्यंत गेली. त्या अथांग रिकाम्या किनाऱ्यावर तिने उजवीकडचा इंडिकेटर दिला, वळली आणि डांबरी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तासगावकर तिथवर अनवाणी, लंगडत, चिखल तुडवत आले.

ते शेजारच्या सीटवर बसले. त्या रविवारनंतर आपल्याच गाडीत या बाजूला ते पहिल्यांदाच बसत होते. पाय ठेवायला खाली बघितलं तर मॅटला भोक. उजव्या पायाशी, टाचेपासून पंज्याच्या अंतरावर, नेमकं जिथे ब्रेक असता तिथे. त्यांनी आपला चिखलाचा पाय त्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला.

एवढी वर्षं ती ब्रेक दाबत होती. प्रत्येक वळणावर, प्रत्येक ट्रकमागे, ते "बघ कसा थांबवला" म्हणत तेव्हाही. आणि जन्मभर ब्रेक तपासणाऱ्या माणसाने तिला चप्पल घासू नकोस म्हणून सांगितलं होतं. तासगावकरांनी पाय त्या भोकावरून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने गुडघा वाकवला, ठोकला आणि तो हसला. वयाच्या मानाने उत्तम, श्लिकचा गुण आला, गाडी खुशाल चालवा. तासगावकर "डांके" म्हणाले, बाहेर आले आणि किल्ली यमुनाबाईंच्या पर्समध्ये टाकून दिली.

"अहो, पास झालात ना?"

"झालो. तू चालव."

"का?"

"कालपासून मला या बाजूने बघायचंय," ते म्हणाले. यमुनाबाईंनी पर्समधून किल्ली काढली.

परतीच्या वाटेवर हॅम्बर्ग मागे पडलं, पाऊस लागला, थांबला. तासगावकर हाताची घडी घालून बसले होते. आरसा, क्लच, वेग, सगळं जिभेच्या टोकापर्यंत येत होतं आणि ते गिळत होते. त्याने पोट भरलं म्हणून जेवायलाही थांबले नाहीत. कासेलच्या उतारावर पुढच्या ट्रकचे लाल दिवे अचानक पेटले. तासगावकरांचा उजवा पाय सगळ्या ताकदीने मॅटच्या भोकात रुतला.

गाडी हळूच, धक्का न बसता मंदावली.

यमुनाबाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"चप्पल घासू नका," त्या म्हणाल्या.