हडकरांच्या घरचं रक्त

वालावलात हडकरांच्या मुलींना ‘चाफ्याची फुलां’ म्हणत. नाव ऐकायला गोड, पण त्यात कौतुक नव्हतं. या घरच्या मुली वयात आल्या की पांढऱ्याफटक पडतात, घाटी चढताना धापा टाकतात आणि बाळंतपणात दगावतात, असा गावाचा समज. त्याला आधारही होता. या घरच्या मथुराची आत्या पहिल्या बाळंतपणातच गेली. आई गेली ती धाकट्या सीतेला जन्म देऊन. तेव्हापासून गावानं ठरवूनच टाकलं, की हडकरांच्या बायकांचं रक्त पातळ. ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय, त्याला कोण काय करणार?

मथुराला स्थळं आली ती बघून गेली, पुन्हा कुणी आलं नाही. एकदा नवऱ्या मुलाच्या आईनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली होती, बैल विकत घेताना दात बघतात तशी. त्यानंतर मथुरानंच भावाला सांगितलं, की माझ्यासाठी आता खंय फिरां नको. तिनं शिवणयंत्र घेतलं, भावाच्या किराणा दुकानाला लागून असलेल्या पडवीत मांडलं आणि गावातल्या बायकांची पोलकी शिवू लागली. हात चांगला होता. धामापूरहूनसुद्धा कापडं यायची. फक्त दुपारनंतर डोळ्यांपुढे काजवे चमकत, यंत्राच्या पायट्यावरचे पाय जड होत, आणि मग ती भिंतीला डोकं टेकून थोडा वेळ तशीच बसे.

थोरला भाऊ गुरुदास दुकान आणि सुपारीची बाग दोन्ही सांभाळी. धिप्पाड गडी, आवाज तर असा की दुकानातून हाक मारली की तळ्यापलीकडे ऐकू जावी. त्याची बायको आनंदी अगदी उलट, मोजकं बोलणारी. त्यांची सुनीती वीस वर्षांची झाली तेव्हा सावंतवाडीहून तिला स्थळ आलं. मुलगी पसंत पडली, मुहूर्ताच्या गोष्टी निघाल्या आणि एकाएकी तिकडून नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही. मथुराला ते कळलं तिच्याच पडवीत. माप द्यायला आलेली एक बाई बाहेर दुसरीला सांगत होती, “पोरगी देखणी आसा गो, पण हडकरांची. तेंच्या अंगात रगत खंय आसा?”

मथुराच्या हातातली कात्री थांबली. स्वतःचं जे झालं ते तिनं पचवलं होतं. पण पडद्याआड सुनीती काज-बटणं करत बसली होती, आणि तिनंही ते ऐकलं होतं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची. जानेवारीत गावच्या शाळेत रक्तदानाचं शिबिर लागलं. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टर सावित्री कर्णिक ते घेणार होत्या, आणि त्या वालावलात आल्या त्या सीतेमुळे. सीता लहानपणीच मामाकडे मुंबईला गेली, तिथंच शिकली, टेलिफोन खात्यात लागली आणि कचेरीतल्याच एकाशी लग्न करून मोकळी झाली. कचेरीतल्या शिबिरात ती रक्त द्यायची. डॉक्टरीणबाईंना असे रक्तदाते हवेच होते, ज्यांचं अर्धं घर मुंबईत आणि अर्धं कोकणात आहे. आईबाप तेच, पण खाणं वेगळं, काम वेगळं, पाणी वेगळं. मग माणसाच्या प्रकृतीत आईबापांकडून काय येतं आणि राहणीतून काय येतं, हे दोन्हीकडच्या भावंडांचं रक्त तपासून त्यांना शोधायचं होतं.

शाळेत सगळे पुरुषच जमले होते. गुरुदास सर्वांत पुढे. टेबलावर काचेच्या ग्लासात मोरचुदाचं निळं पाणी होतं. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब त्यात सोडायचा. बुडाला तर रक्त सकस, तरंगला तर माणसाला परत पाठवायचं. गुरुदासचा थेंब दगडासारखा तळाला गेला आणि त्यानं सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं. तेवढ्यात दारातून मथुरा आत आली, मागे सुनीती.

“तू खंय इलंस?” गुरुदास म्हणाला.

“रगत देवक,” मथुरा म्हणाली आणि बोट पुढे केलं.

तिचा थेंब पाण्यावर पडला आणि तिथंच राहिला. फिकट, पसरट. सगळ्यांच्या माना वाकल्या होत्या, सगळ्यांनी तो पाहिला. सुनीतीचा थेंबही थोडा खाली गेला आणि वर आला. कुणीतरी खाकरलं. गुरुदासचा चेहरा लाल झाला.

“सांगललंय मी तुका! आमच्या बायलमाणसांचा रगत असलाच. चार लोकांत हसा करून घेवक कित्याक इलंस?”

मथुराला वाटलं, जमीन दुभंगावी. ती वळली, पण डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं. “थांबा. तुम्ही सीताताईंच्या सख्ख्या बहीण ना? त्यांचा थेंब मी स्वतः बघितलाय. तो बुडतो.”

“सीतेचा?” मथुराला खरं वाटेना.

“हो. मग घराण्याचंच रक्त पातळ असेल, तर त्यांचं कसं नाही?” बाईंनी तिला बाकावर बसवलं. “घरात जेवायला शेवटी कोण बसतं?”

“आम्ही बायकाच. आणखी कोण बसणार?”

“तेव्हा काय उरलेलं असतं?”

“पेज असते. माशाच्या निस्त्याकाचा रस असतो. फोडी संपलेल्या असतात.” असं कुणी विचारेल असं मथुराला कधी वाटलं नव्हतं. “वर चहा घेतो, पोट भरल्यासारखं वाटतं.”

“आणि बागेत जाताना पायांत काय घालता?”

यावर पुरुष हसले. बागेत चपला कोण घालतो? बाई हसल्या नाहीत. मातीतले जंत अनवाणी पायांतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात, हे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, “रक्ताचे काही दोष आईबापांकडून येतात, हे खोटं नाही. ते तुमच्यात आहेत की नाहीत हे अंदाजानं सांगणार नाही मी. तुम्हा दोघींचं रक्त मुंबईला नेते आणि तपासूनच सांगते.”

एवढं करून त्या गुरुदासकडे वळल्या. दंडाला पट्टा बांधून फुगवला. पारा बघितला. पुन्हा फुगवला.

“तुमचं रक्त आज घेता येणार नाही. दाब फार आहे. वडील कशानं गेले?”

“एकाएकी. दुकानात बसल्या बसल्या तोंड वाकडं झालं.”

“आणि आजोबा?”

आजोबाही तसेच गेले होते. गाव म्हणे, देवचाराच्या, गावराखण्या भुताच्या, वाटेत आडवे आले.

“सीताताईंचा दाबही त्यांच्या वयाला जास्तच आहे,” बाई म्हणाल्या. “इथं राहून तुमचा, मुंबईत राहून त्यांचा. हे मात्र मला तुमच्या घराण्याकडून आलेलं दिसतंय. मीठ कमी करा, खारी सुकी मासळी बंद करा आणि कुडाळला दाखवून गोळ्या सुरू करा.”

“माका काय एक जाला नाय,” असं म्हणून गुरुदास निघून गेला.

शिमग्याच्या सुमारास डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, त्या सरळ मथुराच्या पडवीत. माप द्यायला उभ्या असलेल्या बायकांसमोरच त्यांनी सांगितलं, की दोघींच्या रक्तात आईबापांकडून आलेला कसलाही दोष नाही. लोह कमी आहे आणि पोटात जंत आहेत. दोन्हींवर औषध आहे. मथुरानं त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती पदरात तोंड घालून रडली, आईसाठी, आत्यासाठी आणि थोडं स्वतःसाठीही.

रडून झालं आणि तिनं कंबर कसली. लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळे, तोंड कडू होई. तरी तिनं एकही चुकवली नाही, सुनीतीलाही चुकवू दिली नाही. दोघी चपला घालून बागेत जाऊ लागल्या. शेजारी म्हणाले, “काय गो, बाजारात चल्लंस?” मथुरा म्हणे, “होय, जंतांका विकूक चल्लंय.” जेवणावरचा चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणून तोही बंद झाला. खाडीतले शिंपले, कालवं आणि तिसऱ्या, बायकाच काढून आणत, पण आजवर फक्त पुरुषांच्या ताटात जात. आता ते सगळ्यांच्या ताटात येऊ लागले.

खरी लढाई झाली ती ताटांची. एका दुपारी गुरुदास जेवायला आला तर चार ताटं मांडलेली.

“ह्यां काय?”

“आजपासून सगळी एकदम बसतली,” मथुरा म्हणाली. ती पाटावर बसलीसुद्धा.

गुरुदास तसाच मागे वळायला लागला. तेव्हा कधी वर मान करून न बोललेली आनंदी आपल्या ताटासमोर बसत म्हणाली, “बसा. निस्त्याक थंड जाता.”

तो इतका चकित झाला की खाली बसला.

त्याचा राग मात्र पावसाळ्यापर्यंत धुमसत होता. मग एक दिवस दुकानात पोती उचलताना त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि तो भोवंडून पडला. मथुरानं त्याला एसटीत घालून कुडाळला नेलं. तिथल्या डॉक्टरनं दाब बघितला आणि डोक्याला हात लावला. गाव सोडून कधी न निघालेली मथुरा त्या दिवशी दवाखाना, औषधाचं दुकान, स्टँड असं सगळं एकटीनं फिरली. घरी परत चालताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला धाप लागलेली नाही. भावाला आधार देत आपण घाटी सहज चढून आलो आहोत.

गुरुदासनं गोळ्या सुरू केल्या. खारा बांगडा दिसला की अजून हळहळे, पण हात आवरी.

दुसऱ्या शिबिराला शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मथुरा येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मोरचुदाच्या पाण्यात थेंब पडला, क्षणभर थबकला आणि सरळ तळाशी गेला. सुनीतीचाही. मथुरा खाटेवर आडवी झाली. हातातली नळी लाल झाली, खाली ठेवलेल्या बाटलीत रक्त उतरू लागलं. दाट, गडद, तिचं स्वतःचं. गुरुदासला या खेपेलाही रक्त द्यायला मिळालं नाही. तो बहिणीच्या उशाशी उभा होता. गावकऱ्यांकडे वळून तो गरजला, “बघा रे! हडकरांचा रगत बघा!” आणि मग हळूच वाकून म्हणाला, “दुखता काय गो तुका?”

पलीकडच्या खाटेवर धामापूरचा हरिश्चंद्र म्हणून एक तरुण मास्तर होता. सुई बघूनच त्याला घेरी आली. सुनीतीनं रक्त देऊन झाल्यावर त्याला सरबत नेऊन दिलं. मे महिन्यात त्यांचं लग्न ठरलं. मथुरानं मुलाच्या आईला स्वतः जाऊन तपासणीची सगळी हकीकत सांगितली, अगदी दाबाचीसुद्धा. ती बाई म्हणाली, “आमचो झिल सुयेक भियाता, तां तुमका चलात ना?”

तिसऱ्या वर्षी शिबिर लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या सभामंडपात भरवावं लागलं, कारण शाळा पुरली नसती. वर्षभर मथुरा पोलकी शिवता शिवता बायकांशी बोलत आली होती. कोण शेवटी जेवते, कोण अनवाणी बागेत जाते, कुणाला दुपारी काजवे दिसतात. गोळ्या आणायला ती त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात जाई. त्या दिवशी तळ्याच्या कडेनं बायकांची रांग लागली. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, डोक्यात अबोली माळलेल्या, सगळ्यांच्या पायांत चपला. काहींचे थेंब अजून तरंगले, त्यांना गोळ्या मिळाल्या. पण बुडणारे थेंब इतके निघाले, की दुपारपर्यंत डॉक्टरीणबाईंच्या बाटल्या संपल्या.

रांगेत उरलेल्या बायका खवळल्या. “आमी सकाळपासून उभी आसंव! आमचा रगत काय कमी आसा?” गुरुदास दोन्ही हात वर करून त्यांना समजावू बघत होता, पण त्याच्या त्या आवाजालाही कुणी दाद देईना. डॉक्टरीणबाई हतबल होऊन मथुराकडे बघत राहिल्या. असं आजवर एकाही शिबिरात घडलं नव्हतं, असं त्या हसत हसत म्हणाल्या आणि मग चष्मा काढून डोळे पुसू लागल्या.

मथुरा पायरीवर चढली. “रविवारी परत येवा,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाई बाटल्यो हाडतली. मी सांगतंय.”

रविवारी बाटल्या घेऊन बाईंची गाडी पुन्हा आली. रांग पहिल्यापेक्षा लांब होती.