मूळ दुकान समोर आहे

माझ्या मेहुण्याने माझ्या दुकानाची वेबसाइट एका दुपारीत उभी केली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नाशिक रोडला मी फवारणी पंप दुरुस्त करतो. माझ्या हातचा पंप हरसूलच्या डोंगरावरून ढगांना अंघोळ घालतो! तरी फोनवर शोधलं की दिसायचं ते समोरच्याचं दुकान, ज्याचे पंप पिकापेक्षा शेतकऱ्याच्या पायजम्यावरच जास्त फवारतात. एक गिऱ्हाईक तर माझ्याच पायरीवर उभं राहून, फोनमध्ये बघत, मला समोरच्याचा पत्ता विचारत होतं.

शेवटी एका जाणकाराने वेबसाइटचं पोट उघडून दाखवलं. मेहुण्याने आधी समोरच्याची वेबसाइट केली होती. मला तीच चिकटवली, फक्त नाव आणि नंबर बदलून. आत, वाचणाऱ्याला न दिसणारी एक ओळ तशीच राहिली होती: या पानाचं मूळ पान समोरच्याच्या पत्त्यावर आहे. मजकूरही तोच. सर्च इंजिनने मला नक्कल समजून बाजूला सारलं. म्हणजे माझंच पान जगाला सांगत होतं, की मी खोटा आणि तो हरामखोर खरा!

“एक तर ओळ आहे दाजी, एवढं काय तापताय?” मेहुणा म्हणाला.

ओळ काढली, मजकूर मी नव्याने लिहिला. पण सर्च इंजिन काही लगेच फिरकेना, आणि हंगाम समोरच्याने खाल्ला. भाऊबीजेला मेहुणा आला, तो मी दारातच अडवला.

“मूळ दाजी समोर बसतात. जेवायला तिकडे जा.”

तो निर्लज्ज खरंच रस्ता ओलांडून गेला.