पाच आणि पाच पंचावन्न

सुजाता गेल्याची बातमी मला कंपनीच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. 'आपल्या कुटुंबातील एक सदस्य...' असं आमच्या साहेबांनी लिहिलं होतं, खाली जोडलेले हात. कुटुंब! याच माणसाने तिला केबिनमध्ये बोलावून, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुझ्या हलगर्जीपणामुळे एक बाळ दगावलं असतं," म्हणून सुनावलं होतं. मी तिथल्या तिथे ग्रुप सोडला. त्याला दीडेक महिना झाला. राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

अंधेरीच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. ती घाटकोपरची, मी बोरिवलीची. भांडण कायम एकच. प्रोग्रॅम लिहायला तिला लूज टायपिंगच्या, म्हणजे सैल भाषा आवडायच्या, मला कडक. कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते... कडक भाषेत कुठल्या खणात आकडा ठेवणार आणि कुठल्यात अक्षरं, हे आधी सांगावं लागतं. चुकलात तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. सैल भाषा काही विचारत नाही. काहीही ठेवा, ती आपल्या परीने अर्थ लावते. "तुझी भाषा दारातच आधार कार्ड मागते गं," सुजाता म्हणायची, "माझी माझ्यावर विश्वास ठेवते." आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. कोरोनात कुठल्या इस्पितळात खाट रिकामी आहे ते दाखवणारं पान तिने एका बैठकीत उभं केलं. कुणी आकड्यात दोन लिहून पाठवायचं, कुणी अक्षरात, कुणी 'बहुतेक आहे'... तिच्या प्रोग्रॅमने सगळं सामावून घेतलं. मी तोवर खणांची नावंच ठरवत बसले असते. वाकोल्याच्या माझ्या मामांना त्याच पानामुळे खाट मिळाली.

मग आला लहान मुलांच्या औषधाचा डोस काढून देणारा प्रोग्रॅम. साहेबांना ग्राहकाला दाखवायला नमुना हवा होता, तोही लगेच. सुजाताने तो सैल भाषेत करून दिला आणि बजावलं, "सर, हा फक्त दाखवायला. पेशंटसाठी वापरायचा तर परत लिहावा लागेल." ग्राहक खूश झाला. साहेबांनी तोच विकला. "चालतंय ना? मग परत कशाला लिहायचं?" ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, तेव्हा तिला दुसऱ्या कामावर टाकलं.

आणि व्हायचं तेच झालं. सकाळी पाच मिली, संध्याकाळी पाच मिली. पडद्यावर टाइप केलेले ते दोन पाच भाषेने आकडे न धरता अक्षरं धरले, आणि बेरीज करायची सोडून एकाला एक चिकटवले. दिवसाचे दहा नाही, पंचावन्न! डॉक्टरांना वेळीच संशय आला म्हणून बाळ वाचलं. पण कोडवर नाव सुजाताचं होतं. केबिनमधला तो तमाशा तेव्हाचा. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात राजीनामा होता. "वैशू, माझी भाषा माझ्यावर विश्वास ठेवते म्हणायचे ना मी... माझ्या हातातून सुटली की ती कुणावरही ठेवते यार." इतकी वर्षं मी हेच सांगत होते. जिंकल्याचं जराही बरं वाटलं नाही. नमुना विकणाऱ्याच्या खुर्चीला मात्र धक्काही लागला नाही.

पुढे ती घरीच होती. बोलणं तुटक झालं. मग एका सकाळी मेंदूत रक्तस्राव... डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर. असेल.

गेल्या आठवड्यात घाटकोपरला तिच्या आईकडे गेले. "चहा तूच टाक गं," मावशी म्हणाल्या, "स्वयंपाकघर सगळं तिच्याच हातात होतं." पाणी ठेवलं आणि 'साखर' लिहिलेला डबा उघडला, तर आत हळद. 'रवा' लिहिलेल्यात चहापूड. "तिलाच ठाऊक असायचं कशात काय ते." मला तिचाही संताप आला. अगं, निदान हे तरी कुणाला सांगून जायचंस! डब्यांवर खरी नावं लिहायला पर्समधून पेन काढलं, तर मावशींनी माझा हात धरला. "नको. तिचं तसंच राहू दे."

मग त्या स्वतः एकेक झाकण उघडून चिमूट जिभेवर ठेवून बघायला लागल्या. साखर सापडली तोवर चहाचं पाणी आटून गेलं होतं.